मावळातील अवशेषांचे निसर्गचित्रण आणि घराची भिंत

ढासळलेली तटबंदी, गवतात बुडालेली जोती, धुक्यात अर्धाच दिसणारा बुरूज आणि त्यामागे पसरलेली दरी किंवा पाणी, अशी छायाचित्रे मोठ्या आकारात छापून घरात लावण्याची आवड जगभर रुजली आहे. महाराष्ट्रात या विषयासाठी प्रथम नजर जाते ती किनाऱ्याकडे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, मुरूड-जंजिरा, रेवदंडा आणि वसई ही त्यातली नावाजलेली ठिकाणे. घाटमाथ्यावर तितकाच समृद्ध विषय मावळात मिळतो. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे किल्ले, कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी आणि पवना धरणाचा जलाशय हे सारे लोणावळ्याच्या परिसरात, मुंबई-पुणे लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना आहे.

असे चित्र तीन टप्प्यांत घडते. ते गडावर टिपले जाते, छापखान्यात कागदावर उतरते आणि शेवटी भिंतीवर स्थिरावते. मावळात या तिन्ही टप्प्यांवर दोन गोष्टींचा अंमल असतो: सह्याद्रीचा काळा दगड आणि हवेतली ओल. उजेड किती लागेल, कोणता कागद चालेल, फ्रेम कोणत्या भिंतीवर लावावी, या सगळ्याची उत्तरे या दोहोंकडे पाहूनच द्यावी लागतात.

मळवलीचा छापखाना

भिंतीवर लावायच्या चित्रांशी मावळाचे नाते जुने आहे. राजा रविवर्मा यांनी आपल्या तैलचित्रांच्या रंगीत प्रती सामान्य घरांत पोहोचाव्यात म्हणून १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची मालकी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेली आणि १९७२ च्या आगीत छापखाना नष्ट होईपर्यंत त्याचे नाव देशभर राहिले. लक्ष्मी, सरस्वती आणि पुराणांतील प्रसंग यांची ही चित्रे देवघरांत, ओसरीवर, दुकानांत आणि पेढ्यांवर लागली.

शिळाछपाईत गुळगुळीत घासलेल्या चुनखडी दगडावर तेलकट शाईने चित्र काढतात. दगड ओला केला की कोऱ्या भागावर पाणी टिकते आणि तिथे शाई बसत नाही. रेघांवर मात्र ती बसते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो आणि तोच कागद एकामागून एक साऱ्या दगडांवरून जातो. एखादा दगड केसभर सरकला तरी रंग रेघेबाहेर पडतो. वरून वॉर्निशचा हात दिला की प्रतीला तैलचित्रासारखी चमक येते.

या छापखान्यासाठी काम केलेल्यांपैकी एक म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक होण्याआधी ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक होते. १९०६ मध्ये त्यांनी लोणावळ्यात ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ हा स्वतःचा छापखाना काढला. त्याचे बरेचसे काम रविवर्मा छापखान्यासाठी चाले. पुढे हा व्यवसाय ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने मुंबईत दादरला गेला. जुन्या वास्तूंची नोंद करणारा कॅमेरा आणि घराच्या भिंतीसाठी चित्र छापणारे यंत्र, दोन्हींची जाण असलेला माणूस अशा रीतीने शंभर वर्षांपूर्वीच मावळात काम करत होता.

अवशेषांचे चित्रण त्याहूनही आधीचे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाची हेन्री सॉल्ट याने काढलेली चित्रे लॉर्ड व्हॅलेन्शियाच्या १८०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनातून युरोपात पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पश्चिम भारतातील लेण्यांकडे व किल्ल्यांकडे कॅमेरे वळू लागले.

काळा दगड आणि उजेडाची दिशा

सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. मावळातले तट याच बेसाल्टच्या चिऱ्यांनी बांधले आणि लेणी याच कातळात कोरली. दक्षिण कोकणातील किल्ल्यांचा जांभा तांबूस असतो आणि उन्हात उजळतो. बेसाल्ट मात्र बराचसा उजेड शोषून घेतो. भर दुपारी आकाश पांढरे पडते, तट काळा दिसतो आणि चिऱ्यांचे सांधे, छिन्नीच्या खुणा, दगडफूल हे सारे हरवते. तिरपा उजेड पडला की हाच दगड बोलू लागतो. म्हणून प्रत्येक वास्तूचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे आधी पाहावे लागते.

भाजे लेण्यांचे तोंड पश्चिमेला आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील येथील चैत्यगृहाचे दर्शनी लाकूडकाम नष्ट झाल्याने पुढची बाजू पूर्ण उघडी आहे. त्यामुळे उतरते ऊन खांबांच्या रांगेत शिरते आणि आतले तिरपे खांब व स्तूप उजळतात. जवळच १४ स्तूपांचा समूह आहे. त्यांचे गोल घुमट आडव्या उजेडात उत्तम दिसतात. कार्ल्याचे चैत्यगृहही पश्चिमाभिमुख आहे. ते सुमारे ३८ मीटर खोल असून छताच्या मूळ लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. पुढच्या भिंतीतील मोठ्या गवाक्षातून येणारा प्रकाश स्तूपाकडे जातो. मात्र आवारात एकवीरा आईचे देऊळ असल्याने सुट्टीच्या दिवशी आणि यात्रेच्या काळात इथे भाविकांची रीघ असते. शांत चित्र हवे असल्यास साधा वारच निवडावा. बेडशाचे तोंड पूर्वेला आहे. पुढचा कातळ पूर्ण न फोडता अरुंद वाट ठेवल्यामुळे चैत्याचा दर्शनी भाग दुरून दिसत नाही. आत गेल्यावर एकदम समोर उंच खांब येतात आणि त्यांच्या शिरावर घोडे, हत्ती, बैल आणि स्वार दिसतात. इथे सकाळीच जावे लागते.

लोहगड आणि विसापूर ही इंद्रायणी आणि पवना यांच्या खोऱ्यांमधल्या डोंगरधारेवरची जोडी. गायमुख खिंडीने हे दोन्ही गड वेगळे होतात. विसापूर पूर्वेला आणि किंचित उंच, लोहगड पश्चिमेला. त्यामुळे विसापुराच्या तटावरून सकाळी पाहिले तर पाठीमागचे ऊन लोहगडावर पडते आणि कड्याचे थर मोजता येतात. संध्याकाळी तोच लोहगड केवळ काळी आकृती होऊन आकाशावर उमटतो. दोन्ही चित्रे चांगली असतात, पण घरात त्यांचा परिणाम वेगळा होतो. पहिले चित्र जवळून निरखायचे, दुसरे दुरून पाहायचे.

लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दरवाजांची मालिका आहे. वरच्या तटावरून खाली पाहिले की दरवाजांना जोडणारी वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंचा तट नागमोडी वळणे घेताना दिसतो. रचनेच्या दृष्टीने ही मावळातली सर्वांत भक्कम जागा: तटाची वक्र रेघ नजरेला चौकटीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेते. गडाच्या टोकाची विंचूकाटा ही लांब, चिंचोळी सोंड टेलिफोटो भिंगाने घेतली तर मागच्या डोंगररांगा जवळ येऊन तिच्यामागे थरांनी उभ्या राहतात.

विसापुरावर अवशेषपण अधिक ठळक आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर त्याचे दरवाजे उद्ध्वस्त केले. विस्तीर्ण पठार, छत गेलेल्या वास्तू आणि लांबवर जाणारा तट यांमुळे इथे रुंद चौकटीची चित्रे साधतात. राजमाचीच्या श्रीवर्धन गडावरचा दुहेरी भिंतीचा चिलखती बुरूज हा स्वतंत्र चित्राचा विषय आहे.

पाण्याकाठचे अवशेष

किनारी अवशेषांच्या चित्रात जे समुद्र करतो, ते मावळात पवनेचा जलाशय करतो. काळ्या, खडबडीत दगडाशेजारी सपाट, उजळ पाणी आले की चित्राला विसावा मिळतो. तिकोना ऊर्फ वितंडगडाच्या माथ्यावरून वायव्येकडे पाहिले की खाली पाणी, पलीकडे तुंग ऊर्फ कठीणगडाचा सुळका आणि उत्तरेला लोहगड-विसापूर दिसतात. तुंगाचा शंकूसारखा आकार लहान चित्रातही ओळखू येतो.

याच जलाशयात शिळिंबजवळ वाघेश्वराचे हेमाडपंती मंदिर आहे. धरण झाल्यापासून ते वर्षाचा मोठा काळ पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात साठा उतरला की वर येते. तेव्हा दगडांवर गाळाचा फिकट थर असतो, तो वाळेल तसा चिऱ्यांचा काळा रंग ठिकठिकाणी डोकावतो आणि सभोवती भेगाळलेली जमीन पाण्याच्या कडेपर्यंत उतरत जाते. पाणी मंदिराच्या पायाशी असताना प्रतिबिंब मिळते. ते आणखी हटले की जमिनीच्या भेगा चित्राचा अग्रभाग होतात. किनाऱ्यावरचा छायाचित्रकार भरती-ओहोटीचे कोष्टक पाहतो. इथे धरणाच्या साठ्याची टक्केवारी पाहावी लागते आणि ती वर्तमानपत्रांत नियमित येते. उन्हाळ्यातल्या धुरकट हवेमुळे दूरचे डोंगर पुसट दिसतात. ही उणीव समजून टाळण्यापेक्षा मंदिर एकटे, मोकळ्या पार्श्वभूमीवर दाखवण्यासाठी तिचा उपयोग करावा.

ऋतूंचा हिशेब

जून ते सप्टेंबर हा मावळातला पावसाचा काळ. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये असतो. या दिवसांत दूरचे काही दिसत नाही. जवळचे मात्र विलक्षण दिसते: शेवाळलेला दरवाजा, तटातून उगवलेली नेच्याची पाने, विसापुराच्या पायऱ्यांवरून धावणारे पाणी. सप्टेंबरात पठारांवर सोनकी फुलते. पिवळ्या फुलांचा पट्टा आणि काळा तट ही मावळची ओळख ठरलेली जोडी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतल्यासारखी असते आणि गवत हिरव्यावरून सोनेरीकडे जाते. दूरच्या डोंगररांगांसाठी हाच काळ उत्तम. थंडीत सकाळी खोऱ्यात धुके साचून गडांचे माथे वर राहतात. मेच्या शेवटी वळवाचे ढग येतात. जमीन तपकिरी आणि आकाश गर्द निळे-करडे होते, म्हणून कृष्णधवल चित्रासाठी हे आठवडे मोलाचे असतात.

गडावरचे तंत्र

धुक्यात कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो. समोरचा पांढरेपणा त्याला करडा वाटतो आणि चित्र काळवंडते. त्यासाठी एक्स्पोजर पाऊण ते सव्वा स्टॉपने वाढवतात. उलट काळ्या तटाने चौकट भरली असेल तर मापक दगड गरजेपेक्षा उजळ करतो आणि आकाशाचा तपशील उडतो. अशा वेळी आकाश सांभाळून छायाचित्र घ्यायचे आणि सावल्या नंतर उचलायच्या, हा सुरक्षित मार्ग. त्यासाठी रॉ स्वरूपातली फाइल लागते. जेपेगमध्ये सावल्यांचा तपशील फारसा उरत नाही.

ओल्या बेसाल्टवर आकाशाची पांढरी चमक बसते. पोलरायझर फिरवला की ती उतरते आणि दगडाचा खरा रंग व पानांचा हिरवेपणा दिसू लागतो. मात्र सगळी चमक काढली तर दगड ओला वाटत नाही, म्हणून थोडी राखून ठेवावी. अग्रभागातील फुले आणि मागचा बुरूज दोन्ही रेखीव हवे असतील तर एफ ८ ते एफ ११ हे छिद्रमान बहुतेक भिंगांना मानवते. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढला की भिंगावर वाफ धरते. बॅग बंदच ठेवून कॅमेऱ्याला हवेच्या तापमानाला येऊ दिले की हा त्रास टळतो.

परवानगी आणि मर्यादा

लोहगड, विसापूर आणि तिन्ही लेणी ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. त्यांना प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ लागू होतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि लोहगड त्यांपैकी एक आहे. स्वतःसाठी हाती कॅमेरा घेऊन छायाचित्रे काढणे आणि ट्रायपॉड, दिवे किंवा चमू घेऊन व्यावसायिक चित्रण करणे यांत फरक आहे. व्यावसायिक चित्रणासाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. स्मारके ठरावीक वेळेतच खुली असतात. म्हणून सूर्योदयाची चित्रे बरेचदा पायथ्याच्या वाड्यांवरून किंवा पाण्याकाठून घ्यावी लागतात. लोणावळ्यात नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था असल्याने ड्रोन उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय नकाशावरील निषिद्ध क्षेत्र पाहणे आणि स्मारकासाठी वेगळी अनुमती घेणे आवश्यक आहे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणी प्रवेशबंदी करते, ती काटेकोर पाळावी. ओला तट आणि कड्याची निसरडी कड यांवरून पाय घसरला तर सावरायला जागा नसते.

दगड हलवून, झाडी तोडून किंवा कोरीव भागावर पाणी ओतून चौकट सजवणे हे अवशेषाचे नुकसान आहे. संगणकावरही हेच भान ठेवावे. उजेड-सावलीचा तोल साधणे हे छपाईचे अंगच आहे. परक्या प्रदेशातले आकाश आणून लोहगडावर चिकटवले की चित्र लोहगडाचे राहत नाही, आणि तो गड चढलेल्या माणसाला हे पहिल्या नजरेत कळते.

कागदावर उतरवताना

पडद्यावर उजेड आतून येतो, कागदावर तो बाहेरून पडतो. त्यामुळे पडद्यावर नेमके वाटणारे काळ्या दगडाचे चित्र छापल्यावर अंधारे होते. उपाय जुनाच आहे: पूर्ण चित्र छापण्याआधी त्यातली एक पट्टी, ज्यात तटाची सावली आणि आकाश दोन्ही येतात, निवडलेल्या कागदावर छापून ती प्रत्यक्ष भिंतीशी धरून पाहायची. सावलीत चिऱ्यांचे सांधे दिसत नसतील तर सावल्या उचलून पुन्हा पट्टी छापावी.

आकाराचा हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल साधारण ६००० × ४००० पिक्सेलची असते. इंचाला ३०० बिंदू धरले तर २० × १३ इंचांची अत्यंत रेखीव प्रत मिळते. ३६ × २४ इंचांवर इंचाला सुमारे १६७ बिंदू पडतात आणि पाच-सहा फुटांवरून पाहणाऱ्याला ते पुरतात. चित्राच्या कर्णाच्या दीडपट अंतर हे पाहण्याचे सोयीचे अंतर मानतात. खोली तेवढी नसेल तर मोठी प्रत घेऊन उपयोग नाही.

कागदांत सुती लगद्याचा, दर चौरस मीटरला सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा मॅट कागद धुक्याच्या आणि मऊ उजेडाच्या चित्रांना शोभतो. त्यावर काळा रंग थोडा हलका उतरतो. कातळाची गडद खोली हवी असेल, जसे कार्ल्याच्या आतले चित्र, तर किंचित चमक असलेला बरायटा कागद बरा. शाई रंगकणांची, म्हणजे पिगमेंटची असावी. डाय शाईच्या तुलनेत ती उजेडात पुष्कळ अधिक काळ टिकते. मर्यादित प्रतींची मालिका काढली तर प्रत्येक प्रतीच्या खालच्या कडेला पेन्सिलने क्रमांक आणि सही करतात आणि एकूण प्रती ठरल्याहून वाढवत नाहीत.

भिंतीवर

चित्राला सर्वांत मोठा धोका ओलीचा. पावसाळ्यात लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतच काय, पुण्या-मुंबईच्या सदनिकांतही बाहेरच्या भिंती पाझरतात. कागद ओल ओढतो, लाटा धरतो आणि मग बुरशीचे ठिपके येतात. म्हणून चित्र नेहमी आतल्या भिंतीवर लावावे. पावसाचा मारा खाणारी पश्चिमेची भिंत टाळावी. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांवर बूच किंवा रबराच्या चकत्या चिकटवल्या की भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. काच थेट कागदाला टेकू नये. मध्ये आम्लविरहित माउंट बोर्ड असावा, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. मागे साध्या पुठ्ठ्याऐवजी आम्लविरहित पाठबोर्ड लावून कडा कागदी पट्टीने बंद कराव्यात, म्हणजे किडे शिरत नाहीत. दर पावसाळ्यानंतर फ्रेम उतरवून मागची बाजू पाहण्याची सवय ठेवावी.

काळ्या दगडाच्या चित्रावर साधी काच आरशासारखी वागते. समोर खिडकी असेल तर तटाऐवजी खिडकीच दिसते. परावर्तनरोधक काच महाग पडते. तिला पर्याय म्हणजे खिडकीला काटकोनातली भिंत निवडणे. कॅनव्हासवर छापले तर काच लागत नाही, पण चिऱ्यांचा बारीक पोत त्यावर हरवतो. धुके, पाणी आणि दूरचे डोंगर मात्र कॅनव्हासवर छान दिसतात.

जुन्या वाड्यांत तसबिरी खुंटीला टांगून आढ्याजवळ, पुढे कललेल्या लावत. बसणारा माणूस जमिनीवर असे, म्हणून तिरप्या तसबिरीचे तोंड त्याच्याकडे येई. आजच्या घरात चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. सोफ्यावर लावायचे असेल तर चित्राची रुंदी सोफ्याच्या सुमारे दोन तृतीयांश आणि दोहोंमधले अंतर १५ ते २० सेंटिमीटर असावे. गडद चित्रावर स्वतंत्र दिवा हवाच. तो छतावरून सुमारे ३० अंशांच्या कोनात पडावा म्हणजे काचेवर चमकत नाही. रंग नीट दाखवणारा, रंगनिर्देशांक ९० च्या वर असलेला एलईडी घ्यावा. फिकट, उबदार रंगाच्या भिंतीवर बेसाल्टचा करडा खुलतो. शुभ्र भिंतीवर तो एकदम काळा वाटतो.

बैठकीच्या खोलीत तटबंदी, दरवाजे आणि रुंद पठारे यांची ठसठशीत चित्रे शोभतात. झोपण्याच्या खोलीत धुक्यातले किंवा पाण्याकाठचे चित्र बरे, कारण त्यात तीव्र काळे-पांढरे नसते. अरुंद वाटेवर बेडशाच्या खांबांसारखी उभी चौकट बसते. एकाच भिंतीवर अनेक चित्रे लावायची असतील तर ती एका ऋतूची किंवा एका खोऱ्याची घ्यावीत, म्हणजे रंगांचा मेळ आपोआप साधतो.

प्रत्येक चित्राच्या पाठीवर वास्तूचे नाव, गाव, दिशा, महिना आणि वर्ष, छपाईचा कागद व शाई यांची नोंद पेन्सिलने करावी. तट ढासळतात, दुरुस्तीत त्यांचे रूप बदलते, धरणाच्या पाण्यात उभ्या वास्तू दरवर्षी थोड्या झिजतात. अशी नोंद असलेले चित्र घराची शोभा तर वाढवतेच; शिवाय त्या वर्षी तो बुरूज नेमका कसा होता, याचा विश्वासार्ह दाखलाही पुढच्या पिढीला त्यातून मिळतो.